पोलादपूरला गेलेलं घंगाळ

आमच्या न्हाणीतून माझं घंगाळ उचललं गेलं तेव्हा त्यात अर्धं पाणी होतं. मी नुकतंच विसण घातलं होतं, डोक्यावरून न्हायचं म्हणून केस मोकळे सोडले होते आणि टॉवेल आणायला आतल्या खोलीत गेले होते. परत येते तर पाणी मोरीत वाहतंय, आणि आमचे हे अंगात लाल जर्सी, गळ्यात शिट्टी अशा अवतारात घंगाळाच्या दोन्ही कड्या धरून ते उलटं करून झटकतायत. हे काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाले, संध्याकाळी आणून देतो. आणि गेले. ती संध्याकाळ यायला कित्येक वर्षं लागली, आणि ती कशी आली ते सांगायला बसले की आधी माझं डोकंच तापतं.

आमचे हे म्हणजे महाडातल्या एका शाळेत पी.टी.चे शिक्षक. गावात सगळे त्यांना सर म्हणतात. राग आला की मीही सर म्हणते, त्यामुळे या लिखाणात ते बहुतेक सरच राहतील. माझं बाजारपेठेमागच्या आळीत शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल, पिको, आणि सरांच्या कृपेनं फाटलेल्या जर्सींचे गळे. सर मूळचे कबड्डीचे. आमच्या भागात पोरगं धड चालायला लागलं की मांडीवर थाप मारायला शिकतं, त्यात नवल काही नाही. पण एका सुट्टीत सर पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू घेऊन आले. रग्बी, म्हणाले. शाळांच्या खेळांत आता हाही आहे, आणि धरपकड करायची म्हटल्यावर आपली कबड्डीची पोरं यात कुणाला ऐकायची नाहीत.

खेळ काय आहे ते त्यांनी मला भाकऱ्या थापताना समजावून सांगितलं, परातीत पिठाचे गोळे मांडून. चेंडू हातात घेऊन पळत सुटायचं. समोरच्यांनी कमरेला मिठी मारून पाडायचं. चेंडू पुढे फेकायचा नाही, आपल्या माणसाला द्यायचा तर मागेच फेकायचा. आणि मैदानाच्या पार टोकाला जी रेघ असते तिच्या पलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. टेकवला तर गुण. नुसतं पलीकडे जाऊन उभं राहिलं तर काही नाही. माझा तवा तापून लाल झाला होता, तरी मी ऐकून घेतलं. तेव्हा मला काय माहीत, या टेकवण्यावर माझं घंगाळ अडकणार आहे.

महाडात रग्बी सुरू झाली म्हटल्यावर पोलादपूरला होणारच होती. तिथे सरांचा कबड्डीतला जुना जोडीदार आहे, त्याच्या भाड्याच्या जीपगाड्या आहेत. तरुणपणी दोघं एका टीममध्ये खेळायचे आणि कप्तान कोण यावरून त्यांचं जे बिनसलं ते बिनसलंच. एकमेकांच्या घरी चहा घेत नाहीत, पण एकमेकांचे गुडघे कसे आहेत याची चौकशी मात्र तिसऱ्याकडून करतात. त्यानं पोलादपूरची पोरं जमवली, निळ्या जर्स्या शिवून घेतल्या आणि महाडला निरोप धाडला, की मॅच लावा. भातं कापून झाली, शेतं सुकली की दर वर्षी एकदा महाड विरुद्ध पोलादपूर, असं ठरलं. खेळायची पोरं, पण कप्तान म्हणून मिरवायचे इकडे सर आणि तिकडे तो. बांबूचे खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या.

सगळं झालं आणि मॅचच्या दिवशी सकाळी खोकं उघडून बघतात तर मागवलेल्या करंडकावर बॅट उगारलेला माणूस. दुकानदारानं क्रिकेटचा पाठवला होता. आमची महाडची मंडळी म्हणाली, चालतंय, बॅट कापून टाकू. पोलादपूरवाले म्हणाले, बॅटवाल्या बाहुल्यासाठी आम्ही अंग मोडून घ्यायचो नाय. मॅच मोडायची वेळ आली. तेव्हा सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, की घरात मोठं, चकाकणारं आणि ताबडतोब हाताला लागेल असं एक भांडं आहे. चकाकत का होतं, तर मी दर आठवड्याला चिंच लावून घासत होते म्हणून. म्हणजे माझ्याच चिंचेनं माझा घात केला.

ते घंगाळ तांब्याचं, जड, रुंद तोंडाचं, पितळी कड्यांचं. माझं माहेर वरंधचं. घाटाच्या पायथ्याशी थंडी कशी पडते ते तिकडच्यालाच माहीत. तांब्याच्या भांड्यातलं पाणी तेवढं ऊब धरतं. माझ्या आईनं मला त्यातल्या पाण्यानं न्हाऊ घातलं, लग्नात ते माझ्यासोबत दिलं, आणि मी माझ्या लेकीला त्यातल्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. लेकीच्या टाळूवर तेल थापून ते कोमट पाणी ओंजळीनं सोडताना माझी आई समोर पाटावर बसून सूचना देत होती, हे मला अजून जसंच्या तसं दिसतं. एवढंच त्या घंगाळाचं मोल. बाजारात तसली ढिगानं मिळतात, हे मलाही कळतं.

ती पहिली मॅच महाड हरलं. सर संध्याकाळी रिकाम्या हातानं आले आणि गुपचूप पाय धुऊन बसले. मी म्हटलं, घंगाळ? तर म्हणाले, फिरता करंडक आहे, जिंकेल त्याच्या कप्तानाच्या घरी वर्षभर राहणार, पुढच्या वर्षी आणूच. फिरता म्हणे. पोलादपूरला जाऊन जे बसलं ते कुठलं फिरतंय. दुसऱ्या वर्षी हरले, तिसऱ्या वर्षी पावसानं चिखल झाला म्हणून हरले, त्यानंतर पंचामुळे हरले. मी सुचवलं, चांगला नवा करंडक आणा, माझं भांडं बदलून घ्या. त्यावर सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू मैदान विकायला काढलं होतं. म्हणाले, पोलादपूरवाल्यांनी त्याला हार घालून, ताशा लावून बाजारातून मिरवलंय. आता बदलून मागितलं तर हरले म्हणून रडतायत म्हणतील, नाक कापलं जाईल. माझी न्हाणी आणि यांचं नाक! मी पत्र्याच्या डब्यातून आंघोळ करत होते.

मग तो पूर आला. महाडला पाणी नवं नाही. सावित्री चढली की आम्ही सामान माळ्यावर टाकतो आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसतो. पण त्या वर्षी पाणी माळ्याच्याही वर गेलं. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. खाली उतरलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल, माझी शिलाई मशीन कुठल्या कुठे जाऊन आडवी पडलेली, आणि मागेच वारलेल्या आईचं जे जे माझ्याकडे होतं, तिच्या हातची गोधडी, तिचा फोटो, नऊवारी, पितळेचे डबे, सगळं गेलेलं. आईचं म्हणून बोट दाखवावं असं त्या घरात काही उरलं नाही. मी दारात उभी राहून रडत होते. सर शेजारी खराटा धरून उभे. थोड्या वेळानं म्हणाले, बरं झालं, घंगाळ पोलादपूरला होतं. तो खराटा त्यांच्या हातातून ओढून त्यांच्याच पाठीत घालावा असं मला वाटलं. ते बोलले ते खरं होतं, म्हणून तर जास्त तिडीक आली.

पोलादपूरकडेही दरडी कोसळल्या होत्या, माणसं गेली होती. तरी रस्ता मोकळा झाल्या झाल्या त्यांची जीप आली. निळ्या जर्स्या घातलेली ती पोरं पाण्याचे कॅन, चटया, भाताचे टोप घेऊन आली आणि महाडच्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून आमच्या आळीतला चिखल उपसत राहिली. मी त्यांना पाणी पाजलं, चहा केला. मला सारखं वाटत होतं, यातला एक तरी म्हणेल, की वहिनी, तुमचं भांडं आमच्याकडे आहे, घेऊन येऊ का. कुणाला सुचलं नाही. आणि सरांनी मला आधीच डोळ्यांनी दटावून ठेवलं होतं, की आत्ता विषय काढू नकोस.

पुराआधी मला घंगाळाचा नुसता राग होता. पुरानंतर मला ते हवंच होतं. त्यामुळे मी मॅचला जायला लागले. आधी कधी गेले नव्हते, बायका फारशा जातच नसत. मी घडीची खुर्ची घेऊन रेघेच्या कडेला बसायची, आणि खेळ कळत असल्यामुळे माझे हाल जास्त व्हायचे. आमच्या पोरांचं दुखणं मला पहिल्याच दिवशी दिसलं. ती रग्बी खेळतच नव्हती. अंगात कबड्डी मुरलेली. पाडलं की चेंडू सोडायचा सोडून त्याला कवटाळून मधल्या रेघेकडे हात लांबवायची. चेंडू मिळाला की आधी दम कोंडायची. एक तर तोंडानं कबड्डी कबड्डी पुटपुटतही होता.

तुडील गावचा एक पोरगा आमच्यात सगळ्यात चपळ. कबड्डीत त्याच्या चढाईला तालुका घाबरायचा. पुरानंतरच्या मॅचला अगदी शेवटी गुण बरोबरीत होते आणि चेंडू त्याच्या हातात आला. पोलादपूरच्या साताठ हातांतून तो असा निसटला की मी खुर्चीवरून उठले. समोर कुणी नाही. रेघ ओलांडली. नुसतं वाकायचं आणि चेंडू टेकवायचा. सर ओरडतायत, मी ओरडतेय, सगळं महाड ओरडतंय. आणि या पठ्ठ्यानं पायाखालची रेघ बघितली, गर्रकन वळला आणि हात पुढे ताणून आला तस्सा मैदानाच्या मध्याकडे सुसाट परत पळत सुटला. पोलादपूरवाल्यांना आधी कळेचना काय चाललंय. मग सगळे त्याच्यावर पडले, चेंडू घेतला आणि आमच्या टोकाला जाऊन टेकवला. सर मैदानातच मांडी घालून बसले. मी कपाळावर हात मारला तो बराच वेळ काढलाच नाही. मॅचनंतर सरांनी त्याला इतकंच विचारलं, की का रे बाबा. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मला वाटला जिता परत याला पायजे."

त्याच्यावर काय चिडणार? आयुष्यभर त्याला तेच शिकवलं होतं, की समोरच्यांना शिवून मधल्या रेघेला जिवंत परत ये. शिकवणारे सरच. मग मी ठरवलं, हे सरांच्यानं व्हायचं नाही. तो पोरगा जर्सी शिवून न्यायला दुकानात यायचा. मी त्याच्या हातात चेंडू द्यायची आणि सांगायची, उंबरा ओलांडलास की आधी चेंडू जमिनीला टेकव, तरच जर्सी मिळेल. पहिले काही दिवस तो आत येऊन, मला नमस्कार करून, चेंडू घेऊन परत रस्त्यावर जायचा. गिऱ्हाइकं हसायची. मला हसू येत नव्हतं. पण पुढेपुढे त्याला सवय लागली. दुधाची पिशवी घेऊन आला तरी उंबऱ्याच्या आत येऊन ती जमिनीला टेकवायचा.

त्याच सुमाराला लेकीचा मुंबईहून फोन आला, की दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. सातवा महिना लागल्यावर ती आली. वीर स्टेशनावर गाडीतून उतरवून घेतलं, रिक्षात बसवलं, आणि रस्ताभर खड्डा आला की ती पोट धरायची आणि मी रिक्षावाल्याला बोलायची. घरी आल्यावर तिच्या पायांना तेल लावत बसले होते, तर म्हणाली, आई, बाळाला तू घंगाळातल्याच पाण्यानं न्हाऊ घालशील ना, मला घातलंस तसं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आजीची आठवण तिलाही होती आणि आजीचं जगात तेवढं एकच भांडं उरलं होतं, हे तिलाही माहीत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं नाही. लागली, पण दात-ओठ खातच लागली.

सकाळी सर शाळेत गेल्यावर मी दुकान बंद ठेवलं, शेअरच्या मॅजिक गाडीत बसले आणि पोलादपूरला उतरले. कप्तानाचं घर विचारत विचारत गेले. तो जीप घेऊन बाहेर गेला होता. घरात त्याची म्हातारी आई. मी कोण ते सांगितलं. ती उठली आणि मला परसात घेऊन गेली. तिथे नारळाच्या झापांच्या आडोशाला न्हाणी, तिच्यात दगडावर माझं घंगाळ, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. मला वाटलं होतं, हार घालून कुठेतरी फळीवर धूळ खात असेल. त्यावर धुळीचा कण नव्हता. एक पोचा नाही. राखेनं आणि चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेलं. म्हातारी म्हणाली, भांडा वापरला नाय तर मरतो, म्हणून रोज पानी भरतंय. मी सगळं सांगितलं, पूर, आई, लेक. रडायचं नाही म्हणून गेले होते, तरी रडू फुटलंच. तिनं घंगाळातलं पाणी अळवाच्या मुळाशी ओतलं, पदरानं आतून पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"ने गो बाय," म्हणाली. "नातवंडाला न्हानवला का मला सांग. खेळनाऱ्यांना काय, ते दगडाला पन हार घालतील."

चहा झाला. तिनं जुन्या लुगड्यात घंगाळ बांधून दिलं आणि मी ते मांडीवर घेऊन परत आले. हायवेवर धूळ उडत होती, मॅजिकमध्ये माणसं कोंबली होती, शेजारच्या बाईच्या कोंबडीनं माझ्या साडीवर घाण केली, आणि मला कशाचं काही वाटलं नाही. घरी येऊन लेकीला दाखवलं. तिनं नुसता हात फिरवला त्यावरून. मी ते न्हाणीत जाग्यावर ठेवलं आणि भरलं.

सर शाळेतून आले, हातपाय धुवायला गेले आणि तसेच बाहेर आले. चेहरा असा पडलेला, जणू घरात काही चोरीचं सापडलंय. मी सगळं सांगितलं, आनंदानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे परत द्यावं लागेल. आधी वाटलं, थट्टा करतायत. पण ते जर्सीच अंगात घालायला लागले. एवढी वर्षं पोरं त्यासाठी हातपाय मोडून घेतायत, आणि कप्तानाच्या बायकोनं जाऊन ते रडून मागून आणलं हे उद्या पोलादपूरच्या नाक्यावर कळलं, तर आपण तोंड कुठे दाखवायचं? तेवढ्यात पोलादपूरहून फोन. तो कप्तान त्याच्या बाजूनं तितकाच पेटलेला. म्हातारीवर ओरडून आलेला. न खेळता करंडक गेला तर आमच्या मंडळाची शोभा, म्हणे. कित्येक वर्षांत ही दोन माणसं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाली आणि ती गोष्ट ही. आम्ही दोन बायकांनी चहा निवायच्या आत मिटवलेलं, ते या दोघांनी फोनवर पुन्हा उसवलं.

मी आडवी आले. म्हटलं, "तुमचं नाक तुम्ही सांभाळा. मला बाळाला न्हाऊ घालायचंय." सर म्हणाले, "अगं, जिंकून आणतो ना. मागून आणलेल्याला किंमत काय?" लेक आतून म्हणाली, आई, जाऊ दे, उगाच भांडू नका. तिच्या त्या अवस्थेत घरात आरडाओरडा नको म्हणून मी गप्प बसले. त्यांनी पाणी ओतलं, एका पोराला मागे बसवून त्याच्या मांडीवर घंगाळ दिलं आणि मोटरसायकल पोलादपूरच्या दिशेनं गेली. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्या ताटात वाढायची आणि बोलायची नाही. त्यांना ते फारसं जाणवलं असं काही दिसलं नाही. मॅच जवळ आली होती.

लेक मॅचच्या आधीच्या आठवड्यात मोकळी झाली. मुलगी झाली. सिझर करावं लागलं म्हणून काही दिवस दवाखान्यातच राहावं लागलं. बाळाचं अंग तिथे नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचे. घरी आल्यावर, नाळ पडल्यावर पहिली खरी आंघोळ, ती माझ्या हातची व्हायची होती. मॅचच्या दिवशी लेक म्हणाली, तू जा, माझ्यापाशी सासूबाई आहेत. मी खुर्ची घेऊन गेले.

मॅच कशी झाली ते मी सगळं सांगत बसत नाही. धुळीनं माणसं ओळखू येत नव्हती. पोलादपूर पुढे होतं, आम्ही गाठलं, पुन्हा ते पुढे गेले. शेवटी चेंडू तुडीलच्या पोराकडे आला आणि तो माझ्या बाजूनं, माझ्या खुर्चीवरूनच पळाला म्हणा ना. रेघ आली. त्याचा पाय अडखळला, मान मागे वळायला लागली. मी इतकी जोरात ओरडले की माझा आवाज दोन दिवस बसला.

"उंबरा! टेकव!"

तो जागच्या जागी गुडघ्यांवर बसला आणि दुधाची पिशवी ठेवावी तसा चेंडू ठेवला. महाड जिंकलं. सगळं मैदान आत घुसलं, सरांना खांद्यावर घेतलं, ताशा सुरू झाला. पोलादपूरच्या कप्तानानं घंगाळ आणून सरांच्या हातात दिलं आणि दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून डोळे पुसले. मीही पुसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला सर आवडले. मी घरी जाऊन न्हाणीतली जागा घासून ठेवली.

घंगाळ त्या संध्याकाळी आलं नाही. म्हणाले, पोरं मंडळाच्या खोलीत पूजा करतायत. दुसऱ्या दिवशीही नाही. कुठे आहे विचारलं तर सर गालात हसायचे, थांब ना जरा, बघशील. त्यांचं ते हसू बघून मला बरं वाटायचं बंद झालं होतं, पण लेकीला घरी आणायची गडबड, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा शेक, यात मी मागे लागले नाही. नाळ पडली. आंघोळीचा दिवस ठरला, आणि सर म्हणाले, त्याच दिवशी सकाळी घंगाळ दारात येईल, शब्द देतो.

शब्द पाळला. सकाळी मी बाळाला तेल लावून लेकीजवळ दिलं, गॅसवर पाणी तापत ठेवलं, तोच गल्लीत ताशा वाजला. सगळी टीम गुलालात. पुढे सर, आणि त्यांच्या हातांत, लाल मखमलीच्या फडक्याखाली झाकलेलं काहीतरी उंच. ते त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि फडकं ओढलं. माझं घंगाळ एका गुळगुळीत पॉलिश केलेल्या लाकडी बैठकीवर चढवलं होतं. बैठकीला चकचकीत पट्टी, तिच्यावर मंडळाचं नाव. वरून रेशमी फुलं. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेत चित्र काढून आणलेली मुलं बघतात तसे. "आता कसा करंडक वाटतो," म्हणाले.

मी फुलं बाजूला केली आणि आत बघितलं. तळाला चार बोल्ट. आईच्या घंगाळाच्या तळातून आरपार घातलेले, खालून नट लावून आवळलेले. कुणी केलं हे मी विचारलं. पोरांतल्या एकानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, की त्याच्या मामाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथे ड्रिल मारून घेतलं, हलायचंसुद्धा नाही वहिनी, कितीही मिरवा. पोलादपूरला इतकी वर्षं राहून त्याला एक पोचा आला नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले, गॅसवरचं पातेलं फडक्यानं धरून आणलं आणि ते कोमट पाणी सगळ्यांच्या देखत घंगाळात ओतलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बैठकीच्या खालून पाणी सुटलं, टेबलावर पसरलं आणि सरांच्या बुटांवर पडायला लागलं. ताशावाला थांबला. पोरं गुलाल माखलेली तशीच उभी. तुडीलच्या पोरानं मात्र मान खाली घातली.

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"अगं," म्हणाले, "पण याच्यात आता पाणी कोण भरणार आहे?"

आतून लेकीनं हाक मारली, आई, बाळ गारठतंय, पाणी झालं का? मी झालं म्हटलं आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन आत गेले.